पात्याची अंगठी

माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटावर एक फिकट पट्टा आहे. सगळा हात उन्हानं रापून चिंचेसारखा झालाय. तेवढी जागा मात्र अजून माहेरी बसल्यासारखी गोरी. पन्नासेक वर्षं तिथं एक लोखंडी अंगठी होती. यंदाच्या लग्नसराईत ती माझ्या बोटातून निघाली आणि नातसुनेच्या बोटात गेली. मेथीची जुडी बांधताना मी अजूनही अधूनमधून त्या रिकाम्या बोटावर सुतळी ओढते. सुतळी अर्थातच कापली जात नाही. मग इकडेतिकडे बघते, कोणी पाहिलं की काय.

ज्यांनी असली अंगठी पाहिली नसेल त्यांना सांगते. लोखंडी पाइपाचा बोटात बसेल एवढा तुकडा घ्यायचा. त्यावर नखाएवढं वाकडं पातं बसवायचं. झाली अंगठी. डाव्या हातात जुडी धरायची, सुतळीचे दोन वेढे मारायचे, गाठ मारायची आणि सुतळी बोटावरच्या पात्यावर नुसती ओढायची. कट्. हात जुडीवरून उठत नाही, नजर हलत नाही, तोंडाने चाललेली उखाळीपाखाळी थांबत नाही. कात्रीचं तसं नाही. कात्री उचलावी लागते, ठेवावी लागते, आणि ठेवली की ती पाल्याच्या ढिगात बुडते. आमच्याकडची एक कात्री दोन दिवसांनी गाईच्या गव्हाणीत सापडली होती. गाय शहाणी, तिनं ती चाटून बाजूला ठेवली होती.

आमच्या घरात हिला पात्याची अंगठी म्हणतात. सासूबाई लाडात असल्या की 'विळ्याचं पिल्लू' म्हणायच्या.

ती माझ्याकडे कशी आली ते नातसुनेनं विचारलं तेव्हा मी तिला अर्धंच सांगितलं. उरलेल्या अर्ध्यात एक लबाडी आहे. ती मी माझ्या लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी केली, आणि ज्यांच्याशी केली त्या गृहस्थांना आपण ती कधी सांगू शकू की नाही, याची धास्ती मी पुढं जन्मभर बाळगली. हे गृहस्थ आत्ता पलीकडे पलंगावर बसून चष्मा शोधताहेत. चष्मा त्यांच्या कपाळावर आहे. मी सांगणार नाही.

मी कळवणकडची. घरात कांदा, आणि डोक्यात दहावी पास झाल्याची हवा. अठराव्या वर्षी नाशकाला लागून असलेल्या या मळ्यात माझं लग्न ठरलं. नवरा सातपूरला कारखान्यात, घरची भाजी आणि फुलं. म्हणजे नोकरीही आणि शेतीही. आमच्या गल्लीत माझ्यासारखी नशीबवान कोणी नाही, असं मला वाटायचं, आणि गल्लीलाही ते वाटावं म्हणून मी बरीच मेहनत घ्यायचे.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासरी परातीचा खेळ असतो, हे मला पक्कं माहीत होतं. परातीत हळदीचं पाणी, त्यात तांदूळ, सुपारी, पैसा आणि अंगठी. नवरानवरीनं एकेक हात घालून अंगठी शोधायची. माझ्या मैत्रिणीला तिच्या खेळात सोन्याची अंगठी मिळाली होती, आणि ती अंगठी दिसावी म्हणून ती पुढचे सहा महिने कपाळावरचे केस उजव्याच हातानं मागे सारत होती. मग काय, मी सराव सुरू केला. घमेल्यात पाणी घ्यायचं, त्यात मूठभर ज्वारी आणि एक जोडवं टाकायचं, डोळे मिटून शोधायचं. तीन दिवस! आई म्हणाली, "एवढा जीव गणिताला लावला असता तर पस्तीसवर अडकली नसतीस."

तर ही घमेल्यात तयार झालेली पहिलवान परातीपुढे बसली. भोवती वीसेक बाया. यांचा हात पाण्यात म्हैस बसल्यासारखा निवांत. माझा हात मात्र परातीच्या तळाला घिरट्या घालत होता. क्षणात काहीतरी गोल बोटाला लागलं. मी झडप घातली आणि ओरडले, "आई गं!" बोटाला काहीतरी बोचलं होतं. हात वर काढला तर हातात एक काळी, लोखंडी, वाकड्या नखाची वस्तू.

"सापडली! नवरीला सापडली!" बायांनी गलका केला.

मला वाटलं थट्टा आहे. मी पुन्हा हात घालायला गेले. खरी अंगठी आत असणारच. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "हीच की गं. आमच्यात हीच टाकत्यात. माझ्या हाताची हाय, आता तुझी. सोन्याची काय, पेटीत ठिवायला आसती. ही घालायला."

मी ती बोटात घातली. ती सैल होती. डोळ्यांत पाणी आलं, ते हळद गेल्यामुळं आलं असं मी सगळ्यांना सांगितलं. आज त्या पोरीकडे बघते तर वाटतं, एक चापट द्यावी आणि मग जवळ घ्यावं. चापट आधी.

त्यानंतर कंकण सोडायचा खेळ. हळदीच्या वेळी नवऱ्याच्या उजव्या मनगटाला आणि नवरीच्या डाव्या मनगटाला पिवळा दोरा बांधतात, त्याला गाठीवर गाठी मारतात. त्या गाठी एकमेकांनी सोडायच्या, आणि एकाच हातानं. माझं कंकण माझ्या भावानं बांधलेलं. तो जेवायच्या घाईत होता. यांनी ते चुटकीसरशी सोडलं. यांचं कंकण बांधलं होतं माझ्या नणंदेनं. सात गाठी, प्रत्येक गाठ दातांत धरून ओढलेली, वर परातीतलं पाणी पिऊन फुगलेली. मी एका हातानं खटपट करायला लागले. गाठ हलेना.

"कळवणची बोटं कांदे उपटायची, गाठ काय सोडायची!" एकीनं टोमणा मारला.

"नाय सुटली तर जन्मभर ह्याच्या मुठीत गं बाई!" दुसरी म्हणाली.

"दहावी पास हाय म्हणं. गाठीचा पेपर नव्हता वाटतं!" ही माझी नणंद.

अंगठीचा राग आधीच होता. त्यात हे. मी डोक्यावरचा पदर थोडा पुढं ओढला, यांचा हात पदराखाली घेतला आणि बोट वळवून ते वाकडं नख दोऱ्याखाली घातलं. ओढलं.

यांचा हात दचकला. अगदी स्पष्ट. अंगभर शहारा यावा तसा.

आणि ही बावळट काय समजली? की माझ्या स्पर्शानं दचकले! तेवढ्या गडबडीत, कापाकापी चालू असताना, माझ्या गालांवर लाली आली. तो शहारा मी पुढं किती वर्षं जपून ठेवला होता ते विचारू नका. भांडण झालं की तो मनात काढायचा, पुसायचा, परत ठेवायचा.

कंकण माझ्या मुठीत आलं. मी ते पटकन परातीत बुडवलं आणि हात वर केला. "सुटलं!" बायांची तोंडं बघण्यासारखी झाली. हे उठताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हिच्या हाताला गाठ ऐकते बरं का."

हे त्यांचं वाक्य. पुढं लग्नात, बारशाला, कारखान्यातले मित्र घरी आले की, हे वाक्य ठरलेलं. "सात गाठी, एका हातानं. हिच्या हाताला गाठ ऐकते." त्याचा परिणाम असा झाला की आजूबाजूच्या मळ्यांत कुठं काही गुंतलं की माझ्याकडे येऊ लागलं. पोरांच्या चड्डीच्या नाडीला बसलेली निरगाठ, संक्रांतीला गुरफटलेला मांजा, शेजारणीची पोत. मी गंभीर चेहऱ्यानं ते आत घेऊन जायचे. नाडी असली तर सरळ पात्यावर ओढायची, ट्रंकेतली दुसरी नाडी ओवून बाहेर आणून द्यायची. "सुटली हो," म्हणायचं. एवढी खोटी कीर्ती सांभाळायला मला ट्रंकेत नाड्यांचा साठा ठेवावा लागला होता.

सासूबाईंना मात्र पहिल्याच दिवशी कळलं होतं. परात धुवायला त्यांनीच घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला मेथीच्या ढिगापुढं बसवलं आणि कनवटीचं कंकण काढून माझ्यापुढं टाकलं. सातही गाठी जागच्या जागी. दोरा मात्र दोन्हीकडे सरळ तुटलेला.

"तुटला असता तर धागे पिंजले असते," त्या म्हणाल्या. "हा कापलाय."

मी मान खाली घातली. आता माहेरी पाठवणार, असंच वाटलं.

"अंगठी तुला वापरायची अक्कल हाय, एवढं कळलं मला," त्या म्हणाल्या. "सैल हुतीया ना? आतून सुतळी गुंडाळ. आन् बस जुड्या बांधायला."

एवढंच. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, यांनाही नाही. पण मी कामचुकारपणा करायला लागले, शेवंती तोडायला ऊन लागतं म्हणाले, की त्या हळूच विचारायच्या, "कंकणाचं सांगू का गं माझ्या लेकाला?" की मी टोपली घेऊन शेवंतीत. त्या कंकणाच्या जोरावर माझ्या सासूनं माझ्याकडून दोन वर्षं भरपूर काम करून घेतलं. मी आता सासू झाले, आजेसासू झाले. असलं बिनआवाजी हत्यार मला मिळालं नाही.

आणि तोपर्यंत ती सगळी गंमतच होती. मग एक दिवस पहिल्या शिफ्टला गेलेले हे घरी आले ते उजवा हात पांढऱ्या पट्टीत बांधून. बरोबर कारखान्यातले दोन जण. मशीनमध्ये हात गेला होता. मधल्या बोटाचं वरचं पेर गेलं. बाकी हात वाचला.

उजवा हात. ज्या मनगटाचं कंकण मी कापलं होतं, तोच.

लोक यांची विचारपूस करायला यायचे, मी चहा करायचे आणि चुलीपुढं बसून एकच हिशेब मांडायचे. कंकण सोडायचं असतं, कापायचं नसतं, मी कापलं, म्हणून झालं. मंगळवार धरले. अळणी जेवायला लागले. गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीच्या घाटावर जाऊन, तिथं कोणी ओळखीचं नाही असं बघून, नव्या पिवळ्या दोऱ्याला सात गाठी मारल्या आणि एका हातानं सोडायला बसले. चार सुटल्या. मग एक पुजारी जवळ येऊन म्हणाला, "ताई, काही विधी करायचाय का?" आणि मी पळाले. एका चांगल्या शिकलेल्या मुलीनं घाटावर असं पळावं! पण तेव्हा मला हसू आलं नव्हतं.

शेवटी सासूबाईंपुढं रडले. त्या कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होत्या. हात थांबले नाहीत.

"मशीन कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

"सातपूरला."

"आन् परात?"

"इथं."

"मंग तुझं पातं इथनं सातपूरला पोचलं व्हय, बस न धरता?" त्यांनी सुतळी कापली. थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, "तुला सांगायचं आसंल तर त्याला सांग. मला सांगून तुझं पोट हलकं नाय व्हायचं."

मी सांगितलं नाही. पट्टी असताना कसं सांगायचं? पट्टी निघाल्यावर वाटलं, आता कशाला खपली काढायची? आणि पुढं एवढी वर्षं गेली की सांगायला विषयच निघेना. हे परत कामाला जायला लागले तेव्हा पहिल्याच महिन्यात माझ्यासाठी नवी अंगठी करून घेऊन आले. करवतीच्या पात्याचा तुकडा, घासून गुळगुळीत केलेला, पाइप माझ्या बोटाच्या मापाचा. जुनीचं नख टोकदार होतं. हिचं टोक त्यांनी गोल केलं होतं.

"टोक का मोडलं?" मी विचारलं.

"सुतळीला धार लागते. टोक कशाला पाहिजे?"

तेव्हापासून दर रविवारी ते धार लावून देत. चार बोटं आणि एक अर्धं, अशा हातानं दगडावर पातं फिरवायचे आणि स्वतःशीच हसायचे. मी विचारायचे, काय झालं हसायला? "काही नाही, धार बघतोय." मला वाटायचं, म्हातारपणी माणसं अशीच होतात. तेव्हा ते तिशीतही नव्हते.

सासूबाई गेल्या आणि ही गोष्ट माहीत असणारी मी एकटीच उरले. निदान माझी तशी समजूत होती. माझ्या मुलाच्या लग्नात मी अंगठी परातीत टाकली. ती मुलालाच सापडली, आणि सून म्हणाली, "राहू द्या आई तुमच्याकडेच, तुमच्या हाताला शोभते." ती शाळेत शिकवते. वाक्यं चांगली करते.

यंदा नातवाचं लग्न झालं. लॉन्सवर. दुसऱ्या दिवशी घरी परात मांडली. सून माझ्या बोटाकडे बघून आधीच म्हणाली, "आई, चांदीची नवी आणली आहे मी. ती लोखंडी नका टाकू. पोरीला टोचली तर धनुर्वाताचं इंजेक्शन द्यावं लागेल."

"नाही गं टाकत," मी म्हटलं, आणि हळद ढवळते असं दाखवून टाकली. बोटातून निघायलाच तयार नव्हती. त्यासाठी सकाळीच साबण लावून ठेवला होता.

नातसून दिवसभर कॉम्प्युटरपुढं बसून काम करते. हात भराभर चालतात. तिनं दोन्ही अंगठ्या एकाच झडपेत वर काढल्या. चांदीची बाजूला ठेवली, लोखंडी उजेडात धरली. "आजी, हे काय आहे?"

"आमच्या घरची अंगठी."

तिनं ती बोटात घातली आणि पातं नखानं तपासून बघितलं. मला आवडलं ते.

मग नातवाचं कंकण. त्याच्या गाठी मीच मारल्या होत्या, आणि माझ्या नणंदेला आठवून मारल्या होत्या. पोरगी एका हातानं झगडत होती. सगळ्यांचे मोबाइल वर. कोणीतरी ओरडलं, "आजी, दाखव ना! तुझ्या हाताला गाठ ऐकते ना?" झालं. "आजी! आजी!" असा गजर सुरू.

"माझी बोटं आखडलीत आता," मी म्हटलं.

"एका हातानं सात गाठी सोडल्यात हिनं," हे खुर्चीवरून म्हणाले. तेच वाक्य. "बांधा माझ्या हाताला. हीच सोडेल."

आणि उठून माझ्यासमोर पाटावर येऊन बसले. बहात्तरीचा नवरदेव. नातसुनेनं पिवळा दोरा घेतला, यांच्या मनगटाला बांधला, गाठी मोजून मारल्या, सात. शेवटची दातांत धरून ओढली. गुणाची पोर.

मी यांचा हात हातात घेतला. वीस-पंचवीस माणसं बघत होती. माझ्या बोटात अंगठी नव्हती, अंगावर डोक्यावरून घ्यायच्या पदराची साडीही नव्हती. सुनेनं हौसेनं पिना लावून नेसवलेली. पहिल्याच गाठीवर नख घसरलं. पन्नास वर्षांनी ती पोरगी पुन्हा परातीपुढं बसली होती, आणि या वेळी तिला पळायला कळवणही नव्हतं.

तेवढ्यात हे पुढं वाकले. ओठ न हलवता म्हणाले, "तिच्याकडून अंगठी मागून घे. फक्त या वेळी जरा जपून."

मी वर बघितलं. त्यांनी मनगट थोडं वळवलं. शिरेच्या बाजूला, कंकणाच्या बरोबर खाली, तांदळाच्या दाण्याएवढा एक पांढरा व्रण होता. या हाताला मी पन्नास वर्षं ताट दिलं, आजारपणात तो चोळला, पट्ट्या बदलल्या. तो व्रण मी शंभरदा पाहिला असेल. माझं सगळं लक्ष कायम त्या तुटलेल्या बोटाकडे.

 आता नाही तर कधीच नाही, असं वाटलं. मी मोठ्यानं म्हणाले, "ऐका. मला गाठ सोडता येत नाही. कधीच येत नव्हती. तेव्हा मी यांचं कंकण कापलं होतं, असल्याच पात्यानं!"

सगळे हसले. असे हसले की एका पाहुण्याला ठसका लागला. जन्मभर लोकांची फिरकी घेतलेल्या बाईवर कोण विश्वास ठेवणार? "आजी म्हणजे ना!" "काय स्टोरी बनवली!" सून म्हणाली, "आई, नाटकं पुरे, पंगत खोळंबलीय." नातवानं स्वतःचं कंकण दोन हातांनी ओरबाडून काढलं, आणि सगळी मंडळी जेवणाच्या मांडवाकडे निघून गेली. नातसून जाता जाता एकदा वळून माझ्याकडे बघून गेली. तिनं तेवढा विश्वास ठेवला असावा.

आम्ही दोघं परातीपाशी उरलो.

"कधीपासून माहीत होतं?" मी विचारलं.

"हात माझा होता."

"मग बोलला का नाहीत?"

"रक्त आलं होतं, त्यावर हळद दाबली. हळद तर समोरच होती, परातभर." ते हसले. "तुझं तोंड बघितलं. म्हटलं, आत्ता बोललो तर ही पोरगी संध्याकाळच्या कळवण गाडीत."

"आणि पुढं आयुष्यभर सगळ्यांना सांगत सुटलात, गाठ ऐकते म्हणून?"

"मजा यायची. मी सांगायला लागलो की तू पाण्याचा तांब्या आणायला उठायचीस. दर वेळी."

मी दुसऱ्या गाठीला लागले. पहिली कशी सुटली कळलंच नव्हतं. मान वर न करता मी त्यांना मंगळवारांचं सांगितलं. त्यांचं बोट माझ्या कापण्यानं गेलं असं मला वाटायचं, अजूनही कधी कधी आषाढात त्यांचा हात ठणकला की वाटतं, हेही सांगितलं.  मांडवातून वाढप्यांचा आवाज येत होता, "जिलेबी, जिलेबी."

"मशीनमध्ये हात जाऊ नये म्हणून जाळी असते, ती मी काढून ठेवली होती," ते म्हणाले. "काम पटापट व्हावं म्हणून. घरी सांगितलं, हात सटकला. आईलाही तेच सांगितलं." मग म्हणाले, "तू मंगळवार धरलेस तेव्हा मला वाटलं, माझ्यासाठी करतेय. बरं वाटायचं. म्हणून जाळीचं सांगितलं नाही."

म्हणजे अळणी मी जेवत होते आणि गुपित दोघांच्याही पोटात होतं. मला राग यायला हवा होता. मी तिसरी गाठ सोडली.

"आणि तेव्हा तुम्ही दचकलात ते...?"

"पातं लागल्यावर माणूस दचकणार नाही?"

"बरं."

"का? तुला काय वाटलं होतं?"

"काही नाही. हात सरळ धरा."

ते विचारत राहिले, मी सांगितलं नाही. सांगणारही नाही. सगळंच एका दिवसात देऊन टाकायचं नसतं.

पाच गाठी सुटल्या. एकाच हातानं, मोजायला कोणी नव्हतं, तरी दुसरा हात मी मांडीखाली दाबून ठेवला होता. सहावी काही केल्या हलेना. बोटाचे सांधे दुखायला लागले. यांना बसल्या बसल्या डुलकी लागली होती, हात माझ्याकडे तसाच पुढं केलेला. मी थोडा वेळ तो नुसता धरून बसले.

मग जागे झाले आणि म्हणाले, "राहू दे आता. दोन राहू दे. भूक लागली."

नातसून ती अंगठी वापरते. जुड्या बांधायला नाही, लग्नातल्या आहेरांची आणि घरी येणाऱ्या पार्सलांची खोकी फोडायला. चिकटपट्टी चरकन कापते, मला दाखवते. परवा रविवारी मेथीच्या ढिगापाशी येऊन बसली आणि चार जुड्या बांधल्या. चारही ढिल्या.  नंतर मी पुन्हा बांधून घेतल्या.

यांनी कंकण काढलेलं नाही. पिवळा रंग उडून दोरा मातकट झालाय. आंघोळीला तसेच, फुलं घेऊन गंगेवर बाजारात जाताना तसेच. काल तिथं एका गिऱ्हाइकानं विचारलं, "काका, या वयात हातात कंकण?"

मी शेवंतीच्या टोपलीआड बसले होते. म्हटलं, आता ते जुनं वाक्य येणार.

"बायकोला सुटलं नाही," हे म्हणाले. "दोन गाठी राहिल्यात. चालू आहे तिचं."